खोक्यातून आली तीच सिस्टिम का चालवायची?

जिल्हा परिषदेच्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा गावच्या वाचनालयात लॅपटॉप येतो तेव्हा त्याच्याबद्दलचं जवळपास सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. किंमत किती, कंपनी कोणती, वॉरंटी किती वर्षांची, कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, कोणती असावी, हे मात्र कुणीच ठरवलेलं नसतं. खोक्यातून येते ती चालवायची. बंद पडली की तालुक्याच्या दुकानात नेऊन ‘विंडोज मारून’ आणायची. तेही जमेनासं झालं की यंत्र निकामी म्हणून कपाटात ठेवून द्यायचं.

दमदार लॅपटॉप असेल तर याने फारसं बिघडत नाही. १६ जीबी रॅम आणि वेगवान एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण) असली की कोणतीही सिस्टिम खपून जाते. पण शाळांना, छोट्या कार्यालयांना आणि बेताच्या परिस्थितीतल्या घरांना मिळणारे लॅपटॉप तसे नसतात. ते ११ किंवा १४ इंची असतात, त्यांत २ नाहीतर ४ जीबी रॅम असते, प्रोसेसर इंटेलच्या ॲटम किंवा सेलेरॉन या स्वस्त जातीचा असतो, नाहीतर ते कुठल्यातरी कंपनीने वापरून काढून टाकलेले असतात. अशा यंत्राचं आयुष्य दोन वर्षांचं की आठ वर्षांचं, हे बहुतांशी त्यावरच्या सिस्टिमवर ठरतं.

माझं मत आधीच सांगतो. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर कोणती सिस्टिम असावी हा संगणकवेड्यांच्या हौसेचा विषय नाही, सार्वजनिक खर्चाचा आहे. सरकारी पैशातून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेत येणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रावर मराठीसकट तयार केलेली, राज्यभर एकसारखी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत, खुली सिस्टिम, असावी आणि ती राज्याने सांभाळावी. हे काम एकेका मुख्याध्यापकाच्या गळ्यात मारू नये.

हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ जाहीर केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात हवी, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण हवी, शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीत हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे २०१७ च्या आधीची जवळपास सगळी यंत्रं बाद. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. यंत्रं बिघडली म्हणून ती भंगारात जाणार नाहीत. कीबोर्ड, पडदा, वायफाय सगळं धड असताना ती केवळ एका यादीत बसत नाहीत म्हणून जातील. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला, असं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अहवाल सांगतो. त्यात चालू स्थितीतल्या यंत्रांची भर घालणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.

नव्या स्वस्त लॅपटॉपचीही गत बरी नाही. विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करणं वेगळं आणि वर्गात कामाला येणं वेगळं. ४ जीबी रॅमच्या सेलेरॉनवर विंडोज ११ सुरू होते खरी, पण सुरू होऊन शांत बसेपर्यंतच निम्म्याहून जास्त रॅम खाऊन बसते. वर ब्राउझर उघडला की लॅपटॉप हँग. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं गोल फिरणारं चक्र बघण्यात गेली की शिक्षक पुढच्या वेळी लॅपटॉप कपाटातून काढतच नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे ३२ जीबीचे लॅपटॉप. २०१६ च्या सुमारास दहा हजारांच्या आसपासचे ११ इंची लॅपटॉप आले. मुंबईच्या आयबॉल कंपनीचा कॉम्पबुक मे २०१६ मध्ये ९,९९९ रुपयांना आला, तो याच वर्गातला: इंटेल ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी. ईएमएमसी म्हणजे मोबाइलमध्ये असते तशी मदरबोर्डलाच जोडलेली साठवण. ती काढून मोठी घालता येत नाही. या ३२ जीबीतले वापरायला मिळतात २९ च्या आसपास. त्यात विंडोज, तिचा रिकव्हरीचा भाग, ऑफिस, थोडे फोटो आणि पीडीएफ गेले की चार-पाच जीबी उरतात. मोठ्या अपडेटला त्याहून जास्त जागा लागते. मग अपडेट डाउनलोड होतो, जागा नाही म्हणून अडतो, मागे फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड व्हायला लागतो. शाळेत वायफाय नसल्याने हे सगळं चालतं ते गुरुजींच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. रोजचा दीड जीबी डेटा दुपारच्या सुट्टीआधीच संपतो, आणि लॅपटॉप सुरू केला की नेट संपतं एवढाच त्याचा शाळेत लौकिक होतो.

याच यंत्रावर डेबियन लिनक्स, एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप आणि लिबरऑफिस हे मोफत ऑफिस टाकलं तर सगळं मिळून सात-आठ जीबीत बसतं. सुरू झाल्यावर रॅम जाते साधारण अर्धा जीबी. अपडेट कधी घ्यायचा हे वापरणारा ठरवतो, आणि वर्ग चालू असताना लॅपटॉप स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. अडचण फक्त सुरुवातीला येते. या ॲटमचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण त्याला सुरू करणारं फर्मवेअर ३२ बिटचं. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने बनवलेला ६४ बिटचा पेनड्राइव्ह लावला तर लॅपटॉप तो ओळखतच नाही. त्यावर बूटआयए३२ नावाची एक छोटी फाइल असावी लागते. डेबियनने अशा यंत्रांसाठीची सोय २०१५ सालच्या आवृत्तीपासूनच करून ठेवली आहे. ज्याला हे माहीत आहे त्याचा लॅपटॉप तासाभरात तयार होतो. ज्याला माहीत नाही तो दिवसभर झगडून ‘यावर लिनक्स चालत नाही’ असं सांगून मोकळा होतो. चौथीच्या वर्गशिक्षकाने ही फाइल शोधत बसावं अशी अपेक्षा मी करणार नाही. पण जिल्ह्यात एका माणसाला हे माहीत असलं आणि त्याने पेनड्राइव्ह तयार करून वाटले, की जिल्ह्यातल्या तशा सगळ्या यंत्रांचा प्रश्न मिटतो. मी ही जबाबदारी राज्याची म्हणतो ती यासाठी.

आत्ता या जागी काय चालतं? तालुक्याच्या दुकानात चारशे-पाचशे रुपयांत विंडोज टाकून मिळते. ती ओरिजिनल नसते. ती चालू ठेवण्यासाठी टाकलेला ॲक्टिव्हेटर आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि बरेचदा अपडेटही बंद करून दिले जातात, कारण अपडेट आला की बिंग फुटण्याची भीती. मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीची बँक खाती ज्या यंत्रावरून भरली जातात त्याची ही अवस्था. अपडेट नसलेल्या यंत्रांचं काय होतं ते जगाने मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी पाहिलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती ते बळी पडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यानेही पसरण्यासाठी इतर मार्गांबरोबर तीच फट वापरली, आणि त्याचा फटका थेट आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलला बसून कंटेनरची वाहतूक खोळंबली. शाळेचा लॅपटॉप म्हणजे बंदर नव्हे, पण त्यातली माहिती लोकांचीच आहे.

छोट्या यंत्रावर काय चालावं हे वापरणाऱ्याच्या गरजेऐवजी बाजाराच्या सोयीने ठरण्याची रीत मात्र जुनी आहे. २००७ मध्ये असूसने ईईई पीसी ७०१ काढला: ७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण आणि त्यात मावेल अशी लिनक्स. तो प्रचंड खपला. मायक्रोसॉफ्ट त्या वेळी विंडोज एक्सपीची विक्री थांबवायच्या बेतात होती. या छोट्या लॅपटॉपांसाठी तिने एक्सपी होमची मुदत वाढवली, आणि बघता बघता या ‘नेटबुक’ म्हटल्या जाणाऱ्या लॅपटॉपांवर लिनक्स दिसेनाशी झाली. नंतर त्यांच्यासाठी विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती आली, तिच्यात डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. यंत्र स्वस्त म्हणून वापरणाऱ्याचे हक्कही कमी, असा तो हिशेब होता.

२००७ मध्येच आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या छोट्या शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. आजच्या साध्या मोबाइलपुढेही ही ताकद नगण्य आहे. तरी ते चालत, कारण त्यांच्यावरची शुगर नावाची सिस्टिम त्या यंत्रासाठी आणि लहान मुलांसाठी बेतलेली होती. पुढे या प्रकल्पाचं जगभर काय झालं हेही विसरता येत नाही. पेरूने लाखो एक्सओ विकत घेतले, आणि २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासात दिसलं की मुलांच्या गणितात आणि भाषेत त्यामुळे सुधारणा झाल्याचा पुरावा नाही. हलकी, मोफत, खुली सिस्टिम असूनही. यंत्र पोचलं, पण शिक्षकाच्या मागे कुणी उभं राहिलं नाही. लिनक्सचा आग्रह धरणाऱ्या आम्हा मंडळींनी हा अभ्यास मुकाट्याने वाचायला हवा, कारण ‘लिनक्स टाकली की झालं’ असं सांगत फिरणारे आमच्यातच जास्त आहेत.

तसंच आणखी एक सांगायला हवं. लिनक्सने जुना लॅपटॉप नवा होत नाही. आज खरं ओझं ब्राउझरचं आहे. यूट्यूब, गुगल मीट, शाळेची ऑनलाइन पोर्टलं विंडोजवर जेवढी जड तेवढीच लिनक्सवरही जड. फरक इतकाच की सिस्टिमने कमी जागा अडवली तर ब्राउझरला जास्त मिळते. २ जीबीच्या यंत्रावर चार टॅब चालतील, चौदा नाही. ज्या जुन्या लॅपटॉपात फिरणारी हार्ड डिस्क आहे त्यात छोटी एसएसडी घातली तर जो फरक पडतो तो कोणतीही सिस्टिम बदलून पडत नाही, म्हणून पैसे थोडे असतील तर आधी ते करावं.

लिनक्सच्या आवृत्त्या अनेक आहेत, मग त्यातली कोणती? इथे बरेच जण सर्वांत हलकी कोणती ते शोधत सुटतात. पपी लिनक्स आहे, अँटीएक्स आहे, बोधी आहे, आणि सगळ्या खरोखर हलक्या आहेत. पण सिस्टिममध्ये दोनशे एमबी वाचवून मिळवलं काय? ती बचत पहिल्याच टॅबमध्ये संपते, आणि अडचण आली की विचारायला माणूस सापडत नाही. मी उलट सांगेन: यंत्राला झेपेल त्यातली सर्वांत जास्त लोक वापरतात ती घ्या. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला तिच्यात काही परकं वाटत नाही, आणि तिच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी असेल तर डेबियन आणि एलएक्सक्यूटी. निव्वळ ३२ बिटच्या फार जुन्या यंत्रांवर मात्र आता वेळ घालवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे आणि फायरफॉक्सनेही लिनक्सवरच्या ३२ बिटला निरोप दिला आहे. आणि काहीही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रोजेक्टरवर चित्र येतं का. जुन्या लॅपटॉपांत अडचण आलीच तर ती बहुधा वायफायच्या चिपची असते, आणि ती आधीच कळलेली बरी.

क्रोमओएस फ्लेक्स या गुगलच्या सिस्टिमचा पर्याय हल्ली खूप जण सुचवतात. जुन्या लॅपटॉपवर ती झटकन टाकता येते, लगेच सुरू होते, शिक्षकांना फारसं शिकवावं लागत नाही, हे सगळं खरं. तरी सार्वजनिक शाळेसाठी मी ती सुचवणार नाही. गुगलच्या खात्याशिवाय तिचा नीट उपयोग होत नाही, नेट नसलं की ती पांगळी होते, आणि कोणत्या मॉडेलला कधीपर्यंत पाठिंबा द्यायचा हे पुन्हा एक कंपनीच ठरवते. अमेरिकेतल्या शाळांनी घेतलेली क्रोमबुकं (गुगलच्या सिस्टिमचे लॅपटॉप) धडधाकट असतानाच कालबाह्य होऊ लागली म्हणून तिथे ओरड झाली. २०२३ मध्ये गुगलने मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली ती त्यानंतर. विंडोजच्या तारखेतून सुटून दुसऱ्या कंपनीच्या तारखेत अडकण्यात मला शहाणपण दिसत नाही. फोनचा प्रोसेसर आणि अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टिम घेऊन येणारे लॅपटॉप, उदाहरणार्थ २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेला जिओबुक, घरच्या अभ्यासापुरते ठीक. पण अशा प्रकारच्या यंत्रांवर पेनड्राइव्ह लावून दुसरी सिस्टिम टाकणं साध्या माणसाच्या आवाक्यातलं नसतं. सिस्टिमचा पाठिंबा संपला की यंत्रही संपलं, हे मान्य असेल तरच ते शाळेसाठी घ्यावेत.

मराठीचं काय, असं हमखास विचारलं जातं. या बाबतीत लिनक्स मागे नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ पासून भारतीय भाषांसाठी ठरलेला आहे आणि तो लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, फक्त निवडायचा. ‘तऱ्हा’ लिहायला त, मग शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, डी म्हणजे पाय मोडायची कळ, ह आणि काना. शिफ्ट आणि एनवर ळ. महिनाभर सराव केला की मुलं कीबोर्डकडे न बघता टाइप करतात. ध्वनीवर आधारलेली मांडणी हवी असेल तर तीही आहे. नोटो, लोहित हे फाँट मोफत मिळतात. लिबरऑफिस मराठीत चालवता येतं. मेनूंचं मराठीकरण मात्र सगळीकडे सारखं नाही. काही ठिकाणी चांगलं, काही ठिकाणी अर्धवट, काही ठिकाणी कृत्रिम. हे काम राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेने मानधन देऊन नीट करून घ्यावं, त्याला लागणारा खर्च लायसन्सच्या खर्चापुढे किरकोळ असेल. जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या फायलींचा घोळ सगळ्याच सिस्टिमवर होतो. त्या एकदा युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय सुटका नाही.

आता जिथे लिनक्स नको, ते. हिशेब टॅलीवर असेल तर विंडोजच हवी. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका कोरलड्रॉवर करणाऱ्याला कुणी लिनक्सचा उपदेश करू नये. डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठा घेणारी यंत्रं यांचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवूनच बनतं. आणि प्रिंटर! महाराष्ट्रातल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि कार्यालयांत कॅननचा एलबीपी २९०० जिथे तिथे दिसतो. उत्तम प्रिंटर आहे, वर्षानुवर्षं चालतो, पण त्याची भाषा कॅननची खास आहे आणि लिनक्सवर तो चालवणं कटकटीचं काम आहे. याउलट एचपीचे बरेचसे साधे लेझर प्रिंटर त्यामानाने कमी त्रासात चालतात. म्हणून ग्रामपंचायतीत सही, अंगठा आणि हिशेबाच्या टेबलावर विंडोज राहू द्यावी, पण ते यंत्र नवं आणि ओरिजिनल घ्यावं. बाकीची यंत्रं, विशेषतः मुलांच्या हातातली, यातलं काहीच करत नाहीत. त्यांना लिहायचं असतं, चित्र काढायचं असतं, व्हिडिओ बघायचा असतो, जिओजेब्रात त्रिकोण ओढून पाहायचा असतो, स्क्रॅचमध्ये मांजर पळवायचं असतं.

हे मी स्वप्नरंजन म्हणून लिहीत नाही, कारण केरळने ते करून दाखवलं आहे. तिथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली. शाळांसाठी उबंटू या लिनक्सवर आधारलेली स्वतःची लिनक्स ते बांधतात, तिच्यात अभ्यासक्रमाला लागणारी सॉफ्टवेअर घालतात, मल्याळम घालतात. दहावीची आयटीची परीक्षा तिच्यावरच होते. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते याच्या पलीकडचं. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले, जे स्वतः वर्गात शिकवलेले असल्याने दुसऱ्या शिक्षकाची अडचण त्याच्या भाषेत समजून घेतात. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची मुलांची मंडळं आहेत, त्यातली मुलं शाळेच्या यंत्रांची देखभाल शिकतात. एखादा लॅपटॉप बिघडला तर तो बघायला शाळेतच कुणीतरी असतं.

उलट उदाहरण जर्मनीतल्या म्युनिक शहराचं. तिथल्या पालिकेने २००३-०४ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. कारणांवर अजूनही वाद घातले जातात: कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, बाहेरच्या कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण, राजकीय नेतृत्वातला बदल. पण विखुरलेल्या आयटी विभागांचा मुद्दा सगळ्यांच्याच बोलण्यात येतो. दोन्ही ठिकाणी सिस्टिम लिनक्सच होती. केरळात ती शिक्षकांना आपली वाटली, कारण बांधण्यात आणि सांभाळण्यात ते स्वतः होते.

महाराष्ट्राला शून्यातून काही उभं करायचं नाही. केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ मध्येच जाहीर केलं आहे. डेबियनवर आधारलेली बॉस लिनक्स सी-डॅकने २००७ मध्ये आणली, आणि सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. अभियांत्रिकीच्या मुलांची तर आपल्याकडे कमतरताच नाही. जिल्ह्याला डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आहे, तालुक्याला गट साधन केंद्र आहे, त्याखाली केंद्रप्रमुख आहेत. नवी यंत्रणा नको, या माणसांना एक ठरावीक बांधणी, तयार पेनड्राइव्ह आणि वर्षातून एकदा नीट प्रशिक्षण हवं. खरेदीच्या निविदेत आधी सिस्टिम लिहावी: अमुक लिनक्स या यंत्रावर वायफाय, आवाज आणि प्रोजेक्टरसह चालते हे पुरवठादाराने दाखवून द्यावं, रॅम ८ जीबी असावी किंवा वाढवता यावी, साठवण बदलता येणारी असावी. लायसन्सचे वाचलेले पैसे रॅममध्ये आणि एसएसडीत जावेत.

‘पोरं विंडोज शिकली नाहीत तर नोकरी कशी मिळणार?’ हा प्रश्न पालक विचारतात आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे, अनेक सरकारी नोकऱ्यांना ते किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं, आणि आपल्या दोन पिढ्यांनी संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस असंच शिकलं. पण आज पाचवीत असलेलं मूल नोकरीला लागेल तेव्हा आजचा कोणताही मेनू त्या जागी नसेल. एक्सपीवर शिकलेल्यांना विंडोज ११ पुन्हा शिकावीच लागली. परिच्छेद कसा मांडायचा, तक्त्यात बेरीज कशी लावायची, फाइल कुठे ठेवायची, पासवर्ड कसा जपायचा हे लिबरऑफिसवर शिकलेल्या मुलाला वर्डसमोर बसवलं तर आठवड्याभरात सरावतं. शिवाय सर्व्हर, क्लाउड, सुपरकॉम्प्युटर आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सवरच चालतो. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत प्रोग्रॅमिंगला जाणाऱ्याला ती शिकावी लागतेच. शहरातल्या मुलाला ती महाविद्यालयात भेटते, गावातल्या मुलाला पाचवीत भेटली तर बिघडलं कुठे?

राज्य हे करेपर्यंत शाळा व्यवस्थापन समित्यांनी थांबून राहू नये. कपाटातल्यांपैकी एकच लॅपटॉप घ्यावा, त्यातल्या कामाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर काढून घ्याव्यात, गावातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या मुलाला किंवा मुलीला बोलावून त्यावर मिंट टाकून घ्यावी आणि एक पूर्ण सत्र तो वर्गात वापरावा. शाळेचा प्रिंटर चालतो का, पोर्टलवर हजेरी भरता येते का, मुलांना मराठी टाइप करता येतं का, हे वहीत लिहून ठेवावं. अडलं काय ते केंद्रप्रमुखांना लेखी कळवावं. बाकीचे लॅपटॉप त्यानंतर बदलावेत, आणि जे टॅलीसाठी किंवा अंगठ्याच्या यंत्रासाठी लागतात त्यांना हात लावू नये.